बंदर दरवाज्यातला सोजीर

वसईच्या किल्ल्यात भुतं आहेत, याबद्दल आमच्या होळी गावात कधी वाद झाला नाही. वाद व्हायचा तो कोणाची जागा कोणती, याचा. पडक्या चर्चच्या मनोऱ्यात घंटा उरलेली नाही, तरी मोठ्या सणाच्या आदल्या संध्याकाळी ती वाजते, असं काही जण सांगत. घोळदार झगा घातलेली एक बाई विहिरीच्या काठावर केस सोडून बसते आणि ती फक्त लग्न ठरलेल्या मुलींना दिसते, असं बायका सांगत. पाचूबंदरच्या कोळ्यांनी भरतीच्या वेळी तटावरून घोडा चालताना ऐकला होता. पण ही सगळी फिरती भुतं. आज दिसतील, मग दहा वर्षं दिसणार नाहीत. जागा धरून राहिलेला एकच, बंदर दरवाज्यातला सोजीर.

सोजीर म्हणजे गोरा शिपाई, पोर्तुगीजांच्या वेळचा. बंदर दरवाज्याच्या आत दगडी भिंतींमधून वळत जाणारा एक बोळ आहे. ऐन दुपारी सावली पायाखाली आली, की त्या बोळातून जाणाऱ्याला तो विचारतो, "केंय?" एवढंच. तीनदा विचारतो. तिसऱ्यांदाही उत्तर मिळालं नाही तर माणसाची वाचा जाते, असं म्हणत. चर्चच्या फादरांनी कधीतरी सांगितलं होतं, की पोर्तुगीजांच्या भाषेत त्याचा अर्थ 'कोण' असा होतो. पण उत्तर काय द्यायचं ते कुणालाच माहीत नव्हतं. म्हणून लोक दुपारच्या वेळी तो बोळ टाळून तटाच्या खिंडारातून जायचे. त्यात भीतीही फार नव्हती. उन्हात डोक्यावर फडकं घ्यावं, तसं ते पाळायचे.

व्हेरोनिका आमच्या शेजारची. तिने हे सगळं मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं, वाडीत खायच्या पानांच्या कवळ्या बांधताना, थोडं थोडं करून. ती तरुणपणीच विधवा झालेली, मूलबाळ नाही. आई गेली तेव्हा धाकटा भाऊ इग्नेशियस सात वर्षांचा होता. त्याला तिनेच वाढवलं. घरात त्याला इनास म्हणायचे आणि तो तिला बाय म्हणायचा. लढाई सुरू झाली तेव्हा तो पलटणीत भरती झाला, इटलीपर्यंत गेला, आणि सेहेचाळीसच्या जानेवारीत परत आला.

हात-पाय धड होते. अंगावर एक ओरखडा नव्हता. गावाने त्याला हार घातले. व्हेरोनिकाने तांदळाच्या भाकऱ्या आणि बोंबलाचं कालवण केलं, ते तो पोटभर जेवला. विहिरीवर रहाट चालवायचा, वांग्यांना पाणी द्यायचा, सांगितलेलं काम मुकाट्याने करायचा. फक्त बोलायचा नाही. हो, नाही, बरं, एवढ्या तीन शब्दांवर त्याचा दिवस निघायचा.

आणखी एक गोष्ट व्हेरोनिकाच्या लक्षात आली होती. बाहेरून कुणी आलं आणि अंगणातून "कोण आहे का घरात?" असं विचारलं, की तो हातातलं काम जिथल्या तिथे सोडायचा. चेहरा पांढरा पडायचा. तिने जाऊन ओ दिली, की मगच तो श्वास सोडायचा.

उपवासकाळ आला. गावातले सगळे कुमसाराला गेले, आपापली पापं फादरांच्या कानात सांगून हलके होऊन आले. इनास गेला नाही. रविवारी चर्चमधल्या मिस्सालाही तो सगळ्यात मागे दाराजवळ उभा राहायचा आणि शेवटचा आशीर्वाद व्हायच्या आत निघून जायचा. व्हेरोनिकाने त्याला काही विचारलं नाही. लहानपणी ताप आला की तो असाच भिंतीकडे तोंड करून पडायचा, आणि विचारलं की अंग जास्तच आवळून घ्यायचा.

मार्चच्या मध्यावर हिराजी भंडारी तिच्या अंगणात येऊन उभा राहिला. हिराजी किल्ल्यातल्या ताडांवर चढून ताडी काढायचा. दिवसाचा अर्धा वेळ तो जमिनीवर नसायचाच. वरून त्याला सगळा किल्ला दिसायचा, छप्पर नसलेली चर्चं, वेली चढलेल्या कमानी, खाडीतली होड्यांची शिडं. पहिल्या मडक्यातली चार थेंब ताडी तो रोज बंदर दरवाज्याच्या दगडावर सांडायचा, सोजिरासाठी. त्याच्या वडिलांपासूनची ती रीत होती.

त्याने पाणी घेतलं आणि सांगितलं, की इनास आठवडाभर रोज दुपारी किल्ल्यात येतो. बोळात जाऊन उभा राहतो, भिंतीला पाठ लावून, घटका-दीड घटका. मग खाडीवर जाऊन तोंड धुतो आणि परत जातो.

"व्हेरोनिकाबाय, मी वरून पाहतो," हिराजी म्हणाला. "तिथं दुसरं कुणी नसतं. पण तो कुणासमोर तरी उभा असतो."

दुसऱ्या दिवशी इनास बाहेर पडला, तसं तिने विळा आणि दोरी घेतली. कुणी विचारलं तर ताडाच्या सुक्या झावळ्या आणायला आले, असं सांगता येईल. कुणी विचारलंच नाही. वसईचा बाजार ओलांडून ती किल्ल्यात शिरली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. आत शिरल्यावर आवाज मागे राहिले, पाण्यात डोकं घातल्यावर राहतात तसे. चर्चच्या दारातून पलीकडचं आकाश दिसत होतं. जमिनीत बसवलेल्या थडग्यांच्या शिळांवर सरडे पडलेले. एका खिडकीत पिंपळ उगवला होता आणि वारा नसतानाही त्याचं एकच पान हलत होतं. ती म्हणायची, "मी चालत होते, पण माझे पाय माझ्याआधी दोन पावलं चालले होते."

बोळाच्या तोंडाशी ती थांबली. आत सावली होती, निळसर, ओलसर. दहा पावलांवर इनास उभा होता. पाठ भिंतीला, हात मांडीला चिकटलेले, हनुवटी वर. तो समोरच्या रिकाम्या कोपऱ्याकडे पाहत होता आणि त्याचं तोंड उघडत होतं, मिटत होतं. आवाज येत नव्हता. कपाळावरून घाम ओघळून डोळ्यांत जात होता तरी तो पापणी लववत नव्हता.

तिने काही ऐकलं नाही त्या दिवशी. तिने त्याला हाकही मारली नाही. बाहेर येऊन एका पडलेल्या खांबावर बसून राहिली. तो आला तेव्हा ती झावळ्या बांधत होती. तोही बसला आणि दोरी ओढायला लागला. गाठ मारून झाली तरी दोघं उठली नाहीत.

मग इनास बोलायला लागला. इतका वेळ बोलला, की सावल्या लांब झाल्या.

पलटणीत त्याचा एक दोस्त होता, निर्मळ गावचा, युजीन तुस्कान नावाचा. बोटीवर ओळख झाली. दोघंही वसईचे, दोघांच्याही घरी वाडी आणि रहाट. परक्या मुलुखात दुसरं काय लागतं. युजीन बोलताना अडखळायचा. पहिलं अक्षर तोंडात अडकायचं, मान ताठ व्हायची, डोळे मोठे व्हायचे. गाताना मात्र एकदाही अडायचा नाही. म्हणून दोघांनी आपसात ठरवून टाकलं होतं, की पहारा बदलायला येताना युजीनने खुणेचा शब्द बोलायचा नाही. चर्चमधल्या गाण्याची एक ओळ गुणगुणायची. इनासला लांबूनच कळायचं, आपला माणूस आला.

एका नदीकाठी पलटण अडकली होती. पहाऱ्याची जागा होती एक मोडकं चर्च. तोफांनी त्याचं छप्पर उडालं होतं, देवमातेच्या मूर्तीचे हात गेले होते. त्या रात्री हुकूम आला, की शत्रू जवळ आहे, कुणीही आवाज करायचा नाही, शब्द विचारायचा आणि सांगायचा तोही दबक्या आवाजात. पहाटे धुकं इतकं दाट होतं की स्वतःची बोटं दिसत नव्हती. इनासला पावलं ऐकू आली. त्याने विचारलं, कोण? उत्तर नाही. पुन्हा विचारलं. धुक्यात एक आकार उभा राहिलेला दिसला, ताठ मानेचा. तिसऱ्यांदा विचारलं आणि गोळी झाडली.

"शब्द काय होता?" व्हेरोनिकाने विचारलं.

"आठवत नाही, बाय. तेवढंच आठवत नाही."

वरच्या साहेबांनी कागदावर लिहिलं, युजीन शत्रूच्या गोळीने गेला. इनासने सांगायचा प्रयत्न केला, तर त्यांनी त्याला गप्प बसवलं. पलटणीच्या पाद्रीजवळ त्याने कुमसार केलं. पाद्रीने क्षमा दिली आणि बजावलं, की त्याच्या घरी हे सांगू नकोस, त्याच्या म्हाताऱ्या आईला दुसऱ्यांदा मारल्यासारखं होईल. हे सगळं आटपलं असंच तो समजत होता. घरी आला, एक दिवस सहज जुन्या वाटेने किल्ल्यात शिरला, छप्पर नसलेलं चर्च पाहिलं, आणि बोळात त्याला कुणीतरी विचारलं.

"मला उत्तर द्यायचंय," तो म्हणाला. "कोण ते सांगायचंय. तोंड उघडतो आणि अडकतं. पहिलं अक्षरच येत नाही. त्याला कसं वाटलं असेल ते आता मला रोज कळतं."

व्हेरोनिका म्हणायची, की त्या क्षणी तिला त्याचा राग आला, मग पलटणीचा आला, मग त्या लांबच्या नदीचा आला, आणि शेवटी कुणाचाच राहिला नाही. तिने झावळ्यांचा भारा तिथेच ठेवला. घरी जाऊन पेज करून त्याला वाढली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती त्याच्याबरोबरच निघाली. त्याने नको म्हटलं नाही. हिराजी एका ताडावर होता, त्याने वरून दोघांना पाहिलं आणि कमरेची दोरी आवळून तसाच थांबला.

बोळात शिरताना तिने भावाचा हात धरला. लहानपणी जत्रेत धरायची, तसा मनगटाशी. आतला गारवा अंगावर आला. बाहेरची भरती भिंतींतून ऐकू येत होती, कुणी झोपेत श्वास घ्यावा तशी. पायाखालचे दगड इतके झिजलेले, की चालणाऱ्याला ते आपोआप मधोमध आणून सोडत. वळणाशी उन्हाचा एक पट्टा वरून पडला होता. त्यात धूळ हलत होती, वर जात होती, खाली येत होती. व्हेरोनिका त्या धुळीकडे बघत राहिली. बघता बघता तिला धुळीत निळ्या कापडाची बाही दिसली, तिच्यावर पितळी बटण, आणि मनगटाजवळ उसवलेली शिवण. चेहरा दिसला नाही. कुणीतरी ही शिवण घालून द्यायला हवी होती, एवढाच विचार तिच्या मनात आला.

मग तिने ऐकलं. फार जवळून, थकलेल्या माणसाने विचारावं तसं.

"केंय?"

इनासचं मनगट तिच्या हातात ताठ झालं. त्याची मान मागे गेली. तोंड उघडलं. ती थांबली. तिने त्याला हलवलं नाही, घाई केली नाही.

पुन्हा आलं, "केंय?"

आता ती बोलली. ओरडून नाही. अंगणातून कुणी विचारल्यावर घरातून सांगावं, तशा आवाजात म्हणाली, "आम्ही होळीची आहोत बाबा. घरचीच."

धूळ तशीच हलत होती. भरतीची एक लाट दरवाज्याच्या पायरीवर येऊन फुटली. इनासच्या गळ्यातून आधी नुसताच घोगरा आवाज निघाला, गंजलेला रहाट पहिल्यांदा फिरावा तसा. मग शब्द आले, एकेक, सुटे.

"यु... युजीन. युजीन तुस्कान. आपला माणूस आहे. आपलाच माणूस आहे."

तो खाली बसला. व्हेरोनिका त्याच्याजवळ बसली. तिसऱ्यांदा कुणी विचारलं नाही. थोड्या वेळाने उन्हाचा पट्टा सरकून भिंतीवर चढला आणि तिथे फक्त दगड उरले, त्यांच्या फटीत वाळलेलं शेवाळ.

हिराजीने नंतर तिला सांगितलं, की त्याने वरून दोघांना आत जाताना पाहिलं, आणि खाडीकडच्या बाजूने एक माणूस बाहेर पडताना पाहिला. कोळी असेल. पण कोळी इतक्या सावकाश चालत नाही, आणि पाण्याशी पोचल्यावर थांबतो. हा थांबला नाही. व्हेरोनिकाने ते ऐकून घेतलं.

घरी परत येताना इनास सारखा बोलत होता, वांगी, पाऊस, हिराजीचा ताड, काहीही. बाजारापाशी तिने त्याला थांबवलं.

"किल्ल्यातल्याला सांगितलंस ते बरं झालं," ती म्हणाली. "पण त्याच्या आईला सांगायचं राहिलंय."

त्याने पाद्रीच्या बजावण्याची आठवण करून दिली. ती म्हणाली, पाद्रीने क्षमा दिली, त्याचं काम झालं. ती बाई सव्वा वर्ष पलटणीकडून आलेल्या एका तारेवर जगते आहे. तिच्या मुलाचं शेवटचं काय झालं ते तिच्या मालकीचं आहे.

चार दिवस तो वांग्यांना पाणी देत राहिला. पाचव्या दिवशी त्याने धुतलेला सदरा मागितला.

दोघं भुईगाव, गास अशी गावं करत निर्मळला चालत गेली. दुपार उतरत होती. तलावाच्या बाजूला केळींच्या मागे तुस्कानांचं घर होतं. युजीनची आई अँजेलिना अंगणापलीकडच्या मोगऱ्यात कळ्या खुडत होती. लहान चणीची, लाल लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं. पलटणीतला पोरगा आलाय म्हटल्यावर तिने हात पुसले, दोघांना ओट्यावर बसवलं, गूळ-पाणी दिलं आणि कळ्यांची टोपली मांडीवर घेऊन समोर बसली.

इनासने सगळं सांगितलं. गाण्याची ओळ सांगितली, हुकूम सांगितला, धुकं सांगितलं. काहीही मऊ करून सांगितलं नाही. अँजेलिनाचे हात टोपलीत होते. ती कळ्या निवडत राहिली, टपोऱ्या एका बाजूला, लहान दुसऱ्या बाजूला.

मग तिने विचारलं, "त्याचं तोंड उघडं होतं?"

"हो."

"म्हणजे तो सांगत होता." तिने एक कळी उचलली, पाहिली आणि परत ठेवली. "लहानपणी त्याला आई म्हणायलासुद्धा वेळ लागायचा. घरातली सगळी थांबायची. ताटातला घास हातात धरून थांबायची. कुणी मध्ये बोललं तर त्याचा बाप रागवायचा."

इनासने मान खाली घातली. व्हेरोनिकाला वाटलं, आता ही बाई त्याला हाकलून देईल, आणि दिलं तर ते योग्यच होईल. अँजेलिना उठली, आत गेली. आत भांड्यांचा आवाज नाही, रडण्याचा नाही. ऊन केळींच्या पानांवरून खाली उतरलं. ती बाहेर आली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते आणि पदराला नीट पिन लावलेली होती.

"आज जा," ती म्हणाली. "आज मला तुझ्याकडे बघवत नाही. पुढच्या रविवारी ये. मिस्सानंतर."

तो गेला. पहिल्या रविवारी तिने त्याला ओट्यावरही बसू दिलं नाही. रहाटाच्या दोन माळा तुटल्या होत्या, त्या बांधून घेतल्या आणि परत पाठवलं. दुसऱ्या रविवारी पाणी दिलं. पावसाळ्यात केळीचे घड उतरवायला तो तीन दिवस राहिला. कधीतरी ती त्याला नावाने हाक मारायला लागली, कधी ते तिलाही आठवत नव्हतं. क्षमा केली असं ती कधी म्हणाली नाही आणि त्याने कधी विचारलं नाही.

होळी गावात तो पुन्हा बोलायला लागला, पहिल्यासारखा नाही, पण पुरेसा. त्याने वसईच्या एका वखारीत नोकरी धरली. दारूबंदी आली तशी हिराजीचे ताड ओस पडले आणि तो मुलाकडे विरारला निघून गेला. त्यानंतर किल्ल्यात वर चढून बघणारं कुणी राहिलं नाही. बंदर दरवाज्याकडे दुपारी जाणारी माणसं अजूनही खिंडाराची वाट धरत. ज्यांनी मुद्दाम बोळातून जाऊन पाहिलं, त्यांना लाटांशिवाय काही ऐकू आलं नाही, असं ते सांगत. लोकांनी त्यांच्यावर फारसा विश्वास ठेवला नाही.

पन्नास सालच्या पौषात व्हेरोनिका भावाबरोबर निर्मळला गेली होती. थंडी पडली होती, आपल्याकडे पडते तेवढी. अँजेलिना उन्हाला पाठ करून बसली होती. आता तिला कमी दिसायचं. तिने आतून एक पत्र मागवलं आणि इनासच्या हातात दिलं. युजीनचं शेवटचं, घडीवर फाटलेलं. ते तिला दुसऱ्यांनी पुष्कळदा वाचून दाखवलं होतं. त्यात एक ओळ होती, आई, काल इथे बर्फ पडला, तू पाहायला हवं होतंस.

"हे काय असतं ते मला अजून कुणी धड सांगितलेलं नाही," ती म्हणाली. "पाऊस असतो तसं?"

इनास थोडा वेळ विचार करत राहिला. ती थांबली.

"नाही मावशी," तो म्हणाला. "पावसाला आवाज असतो. हे येतं ते कळतच नाही. आदल्या दिवशी सगळं काळं, चिखल, मोडलेली घरं. सकाळी उठावं तर सगळीकडे पांढरं. तुमच्या मोगऱ्याची वाडी रात्रभर कुणी न खुडता ठेवली, तर सकाळी जशी दिसेल तसं. युजीन त्यात चालत गेला आणि मागे वळून आपल्या पावलांचे ठसे मोजत बसला."

"किती होते?"

"अठ्ठावीस. मग म्हणाला, थांब, अजून दोन टाकतो."

अँजेलिनाने डोळे मिटले. केळींच्या वाफ्यातून पाणी सावकाश पुढे जात होतं.